साहेब, ह्या गोळ्या किती दिवस?

नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये सकाळी दहानंतर मोटारसायकल उभी करायला जागा सापडत नाही. देगलूर, बिलोली, किनवट, हिमायतनगरकडून आलेली माणसं असतात, तेलंगणातल्या निजामाबाद-आदिलाबादकडचीही असतात. हातात कापडी पिशवी, पिशवीत फाईल, फाईलमध्ये जुन्या चिठ्ठ्यांची चळत. हाडांच्या डॉक्टरकडे बसलेला माणूस शेजारच्याला गुडघा उघडा करून दाखवतो, आधी कुठे कुठे दाखवून झालं तेही सांगतो. मनोविकारतज्ज्ञाच्या दवाखान्यात तसं होत नाही. तिथे ओळखीचा चेहरा दिसला की दोघंही मोबाईल काढतात. नंबर लागतो, माणूस आत जातो. झोप कशी आहे, भूक लागते का, कामात मन लागतं का, एवढं बोलणं होतं. मग उठता उठता, दाराला हात लावून तो विचारतो, "साहेब, ह्या गोळ्या किती दिवस?"

"चालू राहू द्या. पुढच्या महिन्यात बघू."

पुढच्या महिन्यातही हेच होतं. मग डॉक्टर तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम लिहून देतात, मेडिकलवाला चिठ्ठी न बघताच पट्ट्या काढून ठेवतो, आणि विचारणारा विचारायचं सोडून देतो. मीही हा प्रश्न विचारत बरीच वर्षं काढली आहेत. नैराश्याची गोळी मी रोज रात्री जेवणानंतर घेते. तिने मला उभं केलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती सुरू करताना जेवढा विचार झाला, त्याच्या दहाव्या हिश्शानेही ती चालू ठेवण्याबद्दल किंवा थांबवण्याबद्दल कुणी माझ्याशी बोललं नव्हतं. नांदेड-लातूरकडच्या लोकांशी बोलत गेले तसं लक्षात आलं की हे माझ्या एकटीचं नाही. आपल्याकडे गोळी बंद करण्याचा निर्णय फार थोडे जण घेतात. बहुतेकांची गोळी परिस्थिती बंद करते.

अशा गोष्टीला पुरावा मागितला तर आकड्यांत देता येणार नाही. २०१५-१६ साली बंगळूरच्या निमहान्सने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, ते १२ राज्यांत. त्यात महाराष्ट्र नव्हता. त्या सर्वेक्षणात असं दिसलं की दर वीस माणसांमागे एकाला आयुष्यात कधीतरी नैराश्याचा आजार होतो, आणि अशा शंभरातल्या जवळपास पंच्याऐंशी जणांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. म्हणून सरकारचं, संस्थांचं, वर्तमानपत्रांचं सगळं लक्ष त्या पंच्याऐंशींना दवाखान्यात आणण्यावर असतं. ते बरोबरच आहे. पण उरलेले पंधरा दवाखान्यात आले, गोळी सुरू झाली, आणि पाच-दहा वर्षं गेली. त्यांचं पुढे काय, हे विचारायला कुणालाच सवड नाही.

मराठवाड्यात ही सवड आणखी कमी. निजामाच्या राज्यात मनोरुग्णालय जालन्याला होतं, ते पुढे हैदराबादला गेलं. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. महाराष्ट्राची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. चारही आपल्यापासून लांब. देशात लाख माणसांमागे एक पूर्ण मनोविकारतज्ज्ञही येत नाही, आणि जे आहेत ते मोठ्या शहरांत. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, दोन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणचे खाजगी दवाखाने, यांच्यावर आसपासच्या कितीतरी तालुक्यांचा भार आहे. एका पेशंटला पाच-सात मिनिटं मिळतात. सुरू असलेली गोळी चालू ठेवायला पाच मिनिटं पुरतात, थांबवायला पुरत नाहीत. डॉक्टरांच्या "पुढच्या महिन्यात बघू" या उत्तरामागे मला निष्काळजीपणापेक्षा हे गणित जास्त दिसतं.

आणि या भागाच्या मनावर बरंच काही येऊन गेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाहून परतलेली माणसं झोपेत असताना, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली, बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली. वाचलेल्यांपैकी थोड्या लोकांची डॉक्टरांनी तपासणी केली. तिचा छोटा अहवाल १९९६ साली अमेरिकेतल्या मनोविकारशास्त्राच्या नियतकालिकात आला. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना मानसिक आजार जडलेला होता, त्यात आघातानंतरचा ताण आणि नैराश्य सर्वांत जास्त. पुढे दुष्काळ आले, २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबल्या नाहीत. त्याच सुमारास राज्याने मराठवाड्याचे आठ आणि विदर्भाचे सहा अशा १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. आशाताई घरोघरी प्रश्नावली घेऊन जातात, उदास माणूस हेरतात, त्याला दवाखान्याकडे पाठवतात. १०४ वर फोन करता येतो. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांकही आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. हे काम मोलाचं आहे. मात्र आशाताईच्या कागदावर "गोळी किती वर्षं चालू आहे? शेवटचा फेरविचार कधी झाला?" असा प्रश्न असता तर किती बरं झालं असतं, असं मला पुन्हा पुन्हा वाटतं.

गोळ्या कशा बंद होतात ते पाहू.

मुखेड तालुक्यातले एक शेतकरी. ओळख पटू नये म्हणून गाव लिहीत नाही. एस्सिटालोप्राम हे औषध, इथल्या चिठ्ठ्यांवर ते फार दिसतं, चार वर्षांपासून चालू. तब्येत उत्तम, शेती सांभाळत होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, एसटी बंद झाली, गावातल्या मेडिकलमध्ये ती गोळी नव्हती आणि पट्टी संपली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायला लागलं. चक्कर, मळमळ, भडक स्वप्नं, मधेच रडू. घरच्यांनी ओळखीचा उतारा टाकला. बाहेरचं काही असेल तर बघावं म्हणून एकाला बोलावलंही. शेवटी नांदेडहून पास काढून आलेल्या भाच्याने पट्टी आणली, आणि दोन दिवसांत सगळं निवळलं. त्यांनी याचा अर्थ काय काढला? "मला ह्या गोळीबिगर जमतच नाही. दुखणं आत तसंच हाय." अजूनही ते याच समजुतीवर आहेत, आणि बंद करण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही.

त्यांना झालं ते दुखणं परतल्यामुळे झालं असण्याचा संभव कमी आहे. नैराश्य परत येतं ते बहुधा हळूहळू, आठवड्या-महिन्यांनी, आणि आधी जसं होतं तशाच रूपात. औषध तुटल्याचा त्रास दोन-चार दिवसांत उठतो, त्यात करंट, चक्कर, मळमळ अशा पूर्वी कधीच न झालेल्या गोष्टी असतात, आणि गोळी पुन्हा घेतली की तो झपाट्याने ओसरतो. हा फरक सांगायला दोन मिनिटं लागतात. तो न सांगितल्यामुळे एखादा माणूस जन्मभरासाठी स्वतःला आजारी समजू शकतो. उलटही होतं: खरंच दुखणं परतत असतं आणि घरचे म्हणतात, गोळी सोडल्यामुळे होतंय, जाईल आपोआप.

लग्न हे दुसरं कारण, आणि ते मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं. मुलीला बघायला पाहुणे येणार म्हटलं की पहिली जाते ती फाईल, कपाटाच्या तळाशी. मग पट्टी जाते. सासरी गोळी कशी काढणार? नवऱ्याने विचारलं तर काय सांगणार? नवं घर, नवी माणसं, झोपेची वेळ बदललेली, त्यातच मेंदूला रोज मिळणारं औषध एका दिवसात बंद. "लग्नानंतर पोरगी बदलली" असं पुढे जे म्हटलं जातं, त्यातल्या काही मुलींचं कारण कपाटाच्या तळाशी पडलेलं असतं. दिवस गेल्यावरही तेच, बाळाला धोका म्हणून सासू किंवा आई गोळी थांबवते. गरोदरपणात काही औषधं बदलावी लागतात, काही चालू ठेवता येतात, पण तो हिशेब डॉक्टरने करायचा असतो, आणि शक्यतो दिवस राहण्याआधी.

लातूरच्या ट्यूशन एरियातली मुलं आणखी एका कोपऱ्यात अडकलेली. बाहेरगावाहून येऊन खोली करून राहायचं, नीटचा अभ्यास, दर आठवड्याला टेस्टचा निकाल. काहींना खरंच उपचार लागतात, ते सुरूही होतात. मग निकाल लागतो, मूल दुसऱ्या शहरात शिकायला जातं, आणि गोळी इथेच सुटते. कधी आईवडिलांना सुरू झालेली माहीत नसते, तर बंद झालेली कुठून कळणार? पंचविशीच्या आतल्यांबाबत एक गोष्ट सगळ्यांना माहीत असायला हवी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली मुलांसाठी आणि २००७ साली चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत आणि मात्रा बदलताना मरणाचे विचार वाढू शकतात, त्या काळात जवळ माणूस हवं. खोली करून एकटं राहणाऱ्या मुलाजवळ कोण असतं?

उपास, रोजे, यात्रा हीसुद्धा कारणं आहेत. नवरात्रात कडक उपास, म्हणून गोळी नाही. माहूरला किंवा माळेगावच्या यात्रेला जाताना पट्टी घरी राहते. नांदेडमध्ये रमजानात अनेक जण आपल्या मनाने गोळी सोडतात, खरं तर दिवसातून एकदाच घ्यायची गोळी इफ्तारनंतर घेता येते, वेळ बदलायची कशी एवढंच डॉक्टरांना विचारायचं. पैसा आहेच. सोयाबीनचा भाव पडला की घरात पहिली काटछाट आईच्या गोळ्यांवर, आणि ती आईच करते. जेनेरिक दुकानात तेच औषध बरंच स्वस्त मिळतं हे कित्येकांना माहीत नसतं.

आता औषधाबद्दल थोडं. नैराश्यावरच्या पहिल्या गोळ्यांपैकी एक, इमिप्रामिन, स्वित्झर्लंडमधल्या रोलांड कुन यांनी १९५०च्या दशकात पेशंटांवर वापरून पाहिली. फ्लुऑक्सेटिनला अमेरिकेत १९८७ साली परवानगी मिळाली आणि त्यानंतर सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्यांचं युग आलं. मेंदूतल्या पेशी सेरोटोनिन सोडतात आणि परत ओढून घेतात. ही औषधं ते परत ओढणं अडवतात. सेरोटोनिन कमी पडतं म्हणून नैराश्य येतं, ही सोपी गोष्ट आपल्याला अनेक वर्षं सांगितली गेली. २०२२ साली लंडनच्या जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी तिचे सगळे पुरावे चाळले आणि तिला ठोस आधार नाही असं मांडलं. याचा अर्थ गोळी खोटी, असा नाही. २०१८ साली लॅन्सेटमध्ये ५२२ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला, त्यात तपासलेली २१ च्या २१ औषधं नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली. सरासरी फरक मोठा नसला, तरी होता. पण कमतरतेची गोष्ट मनात पक्की बसली की गोळी थांबवण्याचा प्रश्नच उरत नाही. कमतरता ती कमतरताच, भरत राहायची. "बीपी-शुगरच्या गोळीसारखी समजा" हे वाक्य मीही ऐकलं आहे. त्या वाक्याने माझी लाज गेली, त्याबद्दल मी ऋणी आहे. पण त्याच वाक्याने माझा प्रश्नही बंद केला. पहिल्याच वेळी नैराश्य आलं असेल, तर बरं वाटू लागल्यावर आणखी सहा ते नऊ महिने औषध चालवून पुढे विचार करावा, असा साधारण शिरस्ता आहे. पुन्हा पुन्हा येत असेल तर दोन वर्षं किंवा अधिक. म्हणजे विचार करण्याची वेळ शास्त्रातच ठरवलेली आहे. ती आपल्या फायलीत कुणी लिहीत नाही.

थांबवलं तर काय होतं? इंग्लंडमध्ये याची नेटकी चाचणी झाली, २०२१ साली प्रसिद्ध झाली. दीर्घकाळ गोळी घेत असलेली, आता बरं वाटणारी, थांबवण्याचा विचार करणारी ४७८ माणसं. अर्ध्यांची गोळी तशीच चालू ठेवली, अर्ध्यांची हळूहळू कमी करत बंद केली, आणि कुणाला काय मिळतंय हे त्यांना कळू दिलं नाही. वर्षभरात बंद केलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना नैराश्य परत आलं. चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना आलं. हे आकडे मी कितीदा तरी उलटसुलट वाचले आहेत. बंद केल्याने धोका वाढतो, हे स्पष्ट आहे. पण बंद करूनही शंभरातले चव्वेचाळीस वर्षभर ठीक राहिले, आणि चालू ठेवूनही एकोणचाळीस घसरले. कुठल्याही बाजूला खात्री नाही. म्हणजे हा प्रश्न त्या माणसाचा आहे: किती वेळा आजार येऊन गेला, किती खोल गेला होता, घरात आधार कुणाचा, गोळीचा त्रास किती आणि तिच्याशिवाय जगून पाहण्याची ओढ किती.

तुटण्याच्या त्रासाबद्दलही टोकाची मतं आहेत. २०१९ साली एका ब्रिटिश आढाव्यात निम्म्याहून अधिक लोकांना तो होतो असं आलं. २०२४ साली बर्लिन-कोलोनच्या संशोधकांनी ७९ अभ्यास एकत्र केले. गोळी सोडलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना त्रास झाला, पण साखरेची गोळी सोडलेल्या १७ टक्क्यांनाही झाला. तो वजा केला तर सहा-सात जणांत एक, आणि तीव्र त्रास पस्तीस जणांत एकाला. त्यातले बरेच अभ्यास थोडे आठवडे किंवा महिने औषध घेतलेल्यांचे होते. दहा-दहा वर्षं घेणाऱ्यांना ते जसेच्या तसे लावू नयेत, असं माझं मत आहे.

लातूरला माझी मावसबहीण राहते, आम्ही तिला आक्का म्हणतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. गर्भाशयाचं ऑपरेशन झाल्यावर तिला नैराश्य आलं होतं, एकदाच, पण जबर. चार महिने ती पलंगावरून उठली नव्हती. गोळीने उठली, शाळेत रुजू झाली, आणि गोळी तशीच पुढे अनेक वर्षं चालत राहिली. वजन वाढलं, घाम फार यायचा, ते तिने चालवून घेतलं. मग आमचे बापूकाका, म्हणजे तिचे वडील वारले. घरात बायकांचा आक्रोश चाललेला आणि आक्का भिंतीला टेकून कोरड्या डोळ्यांनी बसलेली. चुलत्यांच्या घरातल्या बायका कुजबुजल्या, बाप गेला तरी डोळ्याला पाणी नाही. रात्री ती मला म्हणाली, "मला दुःख झालंय गं. कळतंय मला, झालंय. पण ते वरच येईना." या औषधांनी काहींच्या भावना बोथट होतात, हे पुस्तकात लिहिलेलं आहे. आक्काच्या बाबतीत ते तेराव्यापर्यंत सगळ्या गावाने पाहिलं.

तिने वर्षश्राद्ध होऊ दिलं आणि मग डॉक्टरांकडे विषय काढला. तिच्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं, हे तिचं नशीब. आजार एकदाच आलेला, मरणाचा प्रयत्न कधी नाही, घरात दाजी समजूतदार, म्हणून करून बघू म्हणाले. महिना निवडण्यावरच पहिली चर्चा झाली. जूनमध्ये शाळा सुरू होते, पेरणी असते. लग्नसराईत नको. सप्टेंबरच्या अखेरीस नको. आक्काचं माहेर औशाकडचं, किल्लारीचा तो दिवस त्या घरात दरवर्षी जड जातो. दिवाळी उरकली, सोयाबीन विकून झालं, की सुरू करायचं ठरलं.

तिची गोळीही एस्सिटालोप्रामचीच. दहा मिलिग्रॅमवरून साडेसात, मग पाच, हे सहज गेलं. तिला वाटलं, झालं आता, अर्धं अंतर कापलं. इथे शरीराचं गणित वेगळं आहे, आणि ते २०१९ साली मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी लॅन्सेट सायकिॲट्रीत नीट मांडलं. हॉरोविट्झ स्वतः डॉक्टर आणि स्वतः अशा गोळ्या घेतलेले. मेंदूच्या चित्रणांवरून असं दिसतं की आक्काच्या गोळीच्याच जातीच्या सिटालोप्रामच्या २० मिलिग्रॅमला सेरोटोनिन परत ओढणाऱ्या जागांपैकी सुमारे ८० टक्के अडतात. नऊ मिलिग्रॅमला ७०. पाचाच्या आसपासही ६०. दीड मिलिग्रॅमला अजून ३०. म्हणजे मात्रा पाव केली तरी परिणामाचा मोठा भाग शाबूत असतो, आणि शेवटच्या चिमूटभर औषधात बाकी सगळा उतार भरलेला असतो. आपल्याकडच्या जुन्या बारवेसारखं आहे हे: वरच्या पायऱ्या बसक्या, पाय सहज पडतो, आणि खालची शेवटची पायरीच कमरेएवढी उंच. वीसवरून दहा, दहावरून पाच, पाचावरून शून्य, असं ज्यांना लिहून दिलं जातं ते त्या शेवटच्या पायरीवर पडतात. इंग्लंडच्या नाइस संस्थेने २०२२च्या मार्गदर्शनात सांगितलं आहे की कमी करायचं ते आधीच्या मात्रेच्या प्रमाणात, आणि खाली जाताना टप्पे लहान करत न्यायचे. नेदरलँड्समध्ये त्यासाठी रोज किंचित कमी होत जाणाऱ्या गोळ्यांच्या तयार पट्ट्या बनवतात.

लातूरला तसली पट्टी कुठून मिळणार. एस्सिटालोप्रामची सर्वांत लहान गोळी आपल्याकडे पाचाची. आक्काने पोळपाटावर पांढरा कागद पसरला आणि सासूबाईंचा पितळी अडकित्ता काढला. गोळी मुगाच्या डाळीपेक्षा थोडी मोठी. मधल्या रेषेवर पातं टेकवून दाबलं की दोन तुकडे होतात, पण सारखे नाहीत, आणि कागदावर भुकटी सांडते. पहिल्या रविवारी मी तिथेच होते. ती चष्मा लावून एकेक अर्धा तुकडा निरखत होती, मोठ्यांच्या जोड्या लहानांशी लावून डबीत भरत होती, म्हणजे दोन दिवसांची सरासरी बरोबर येईल. शेजारी कालनिर्णय. त्याच्या चौकोनांत तिच्या बारीक अक्षरात रोजची नोंद: चक्कर, स्वप्नं, दाजींवर चिडले, बरी, बरी, शाळेत डोळे भरले. ते कालनिर्णय घेऊन ती दर महिन्याला डॉक्टरांकडे गेली, आणि पाच मिनिटांत त्यांना जे कधी कळलं नसतं ते त्यांनी तीस चौकोनांत वाचलं.

पाचाच्या खाली आल्यावर तीन आठवडे वाईट गेले. दाजींनी मला फोन केला, "ताई, हिला परत चालू करायची का? भांड्यांची आदळआपट चाललीय नुसती." डॉक्टरांनी तिथेच थांबायला सांगितलं, वर नाही, खाली नाही. मग ते शमलं. त्या उन्हाळ्यात शेजारच्या मुलीचं लग्न होतं. पाठवणीनंतर आक्काचा फोन आला, तिला बोलता येत नव्हतं, मी घाबरले. "काही नाही गं," ती म्हणाली, "रडू येऊलालंय बघ मला. बापू आठवले. थांबूच नाही वाटत."

तिची गोष्ट छान जमून आली, म्हणून ती सगळ्यांना लागू करता येणार नाही. इथे एस्सिटालोप्रामची गोळी पुष्कळदा क्लोनॅझेपामशी जोडून येते. नावापुढे 'प्लस' असतं, लोक तिला टेन्शनची किंवा झोपेची गोळी म्हणतात. क्लोनॅझेपाम हे वेगळ्या जातीचं औषध आहे, त्याची सवय लागते, आणि ते एकदम सोडलं तर झटकेही येऊ शकतात. जोडगोळीचा तुकडा केला की दोन्ही औषधं एकदम कमी होतात, ते कधीही आपल्या मनाने करू नये. आधी पट्टीची मागची बाजू वाचावी, दोन नावं आहेत का बघावं. व्हेनलाफॅक्सिन, डेसव्हेनलाफॅक्सिनसारख्या हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या तोडायच्याच नसतात. फ्लुऑक्सेटिन शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, म्हणून ते सोडणं बहुधा सोपं जातं आणि त्रास झालाच तर उशिरा होतो. व्हेनलाफॅक्सिन आणि पॅरोक्सेटिन सोडणं अवघड म्हणून प्रसिद्ध आहेत. आणि ज्यांना नैराश्य तीन-चारदा येऊन गेलं, ज्यांनी कधी जीव द्यायचा प्रयत्न केला, ज्यांच्या आजारात अतिउत्साहाचीही बाजू आहे, त्यांच्यासाठी चालू ठेवणं हाच बहुधा शहाणपणाचा निर्णय असतो. तो निर्णय म्हणून घ्यावा, शिक्षा म्हणून भोगू नये. दरवर्षी सोडियम, वजन, रक्तदाब तपासून घ्यावं, विशेषतः म्हाताऱ्या माणसांनी. सांधेदुखीच्या गोळ्या सोबत चालू असतील तर पोटातल्या रक्तस्रावाचा धोका वाढतो, तेही डॉक्टरांना सांगावं.

नैराश्य मराठी वाचक-प्रेक्षकांना आता अनोळखी नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव' या चित्रपटाला २०१७ साली सुवर्णकमळ मिळालं तेव्हा आमच्या नांदेडातही त्यावर बोलणं झालं. कोसळलेल्या माणसाला हात द्यायचा, एवढं आपण शिकतो आहोत. सावरून बारा वर्षं झालेल्या, रोज नोकरीवर जाणाऱ्या, मुलांचे डबे भरणाऱ्या आणि रात्री एक गोळी घेणाऱ्या माणसाबद्दल मात्र फारसं लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. त्या माणसाला सहानुभूतीपेक्षा अर्धा तास हवा आहे, वर्षातून एकदा, ज्याने चिठ्ठी लिहिली त्याच्यासमोर.

आक्का आता अडीचवर आहे. डॉक्टर म्हणाले, याच्याही खाली नेता येईल, औषध पाण्यात मोजून घ्यायची पद्धत शिकवतो. तिने दोन महिने विचार केला आणि नको म्हणाली. पुढच्या वर्षी तिच्या मुलीचं लग्न करायचं आहे, ते होऊ दे, मग पुन्हा बघू. डॉक्टरांनी फाईलवर तारीख टाकली. माझं दुखणं दोनदा उलटलेलं आहे. त्यामुळे माझ्या डॉक्टरांशी बोलून मी गोळी आणखी दोन वर्षं, होती त्याच मात्रेत, चालू ठेवायचं ठरवलं आहे. दोन वर्षांनी ज्या महिन्यात फेरविचार करायचा तो महिनाही आम्ही ठरवून टाकला: जानेवारी.